खालच्या पट्टीतला बिबट्या

पडवीत तिघे होते आणि तिघांपैकी कुणीच बोलत नव्हते. ती शांतता आता नुसती शांतता राहिली नव्हती. कुणीतरी दारात आणून टाकलेल्या आणि कुणीच आपले म्हणून न उचललेल्या ओझ्यासारखी ती तिघांच्या मध्ये पडून होती. आत्माराम घाडींच्या, म्हणजे आबांच्या, पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. त्यांचा मुलगा प्रणित बाकाच्या कडेला बसला होता. त्याचा गुडघा थांबत नव्हता, आणि त्यामुळे मांडीवरच्या फोल्डरमधली पाने वारा नसतानाही थरथरत होती. मोठी मुलगी हेमांगी खांबाला टेकून उभी होती. ती तालुक्याची पशुवैद्य. सकाळीच खालच्या वाडीत एका म्हशीचे आडवे आलेले रेडकू तिने कोपरापर्यंत हात घालून वळवले होते. हात धुतले तरी तो उष्ण, खारट वास अजून अंगाला होता, आणि या घरात या क्षणी तेवढीच एक गोष्ट तिला खरी वाटत होती.

परसातल्या माडावरून एक कोवळा नारळ धप्पकन खाली आला. मग दुसरा. माकडे परतली होती. एरवी आबांनी पायरीवरूनच हाळी दिली असती. आज त्यांनी नुसता त्या दिशेला कान दिला. जणू बऱ्याच दिवसांनी ओळखीची पावले वाजत होती.

"आबा," प्रणित शेवटी म्हणाला, "नुसती सही करायची आहे."

"वाच."

"मघाशी वाचलं ना मी."

"परत वाच. ह्यां वाचताना तुजो आवाज कसो येता, तां माका आयकाचां आसा."

प्रणितने पान वर धरले. "'जनसुनावणीच्या दिवशी सड्यावरील प्राणी-प्रतिबंधक यंत्रांमध्ये आकस्मिक बिघाड उद्भवला. त्या प्रभावाखाली उपस्थितांची विवेकशक्ती तात्पुरती लोपली. त्या अवस्थेत मी उच्चारलेले शब्द, तसेच उपस्थितांनी नोंदवलेला विरोध, हे स्वेच्छेचे नव्हते.'"

खाली आबांच्या सहीची जागा होती. त्याखाली प्रत्यक्षदर्शी तज्ज्ञाची: डॉ. हेमांगी आत्माराम घाडी. सह्या झाल्या की जमावाला चिथावल्याची तक्रार प्रकल्पवाले मागे घेणार होते. सत्तरी ओलांडलेला, हृदयात स्टेंट घातलेला आणि जामिनावर घरी आलेला एक म्हातारा मग मोकळा होणार होता.

"'उपस्थितांनी नोंदवलेला विरोध'," हेमांगी म्हणाली. "हे शब्द कुणी घातले रे? तू, की त्यांच्या वकिलाने?"

"ताई, मुद्दा आबांना सोडवण्याचा आहे."

"मुद्दा सुनावणी रद्द करण्याचा आहे. आबा त्यावर फुकट."

आबांनी बोटाने चहावरची साय बाजूला केली आणि कप तसाच ठेवून दिला.

*

कातळघोळच्या माणसांनी माकडांपुढे कधीच हात टेकले होते. फटाके झाले, गलोली झाल्या, पट्टेरी वाघाची चित्रे माडांना बांधून झाली. ध्वनिक्षेपकावरून डरकाळ्या वाजवल्या, तेव्हा माकडे आठवडाभर गेली आणि मग त्याच ध्वनिक्षेपकावर बसून पेरू खाऊ लागली. माकड शिकते, त्याचे माकडपण तेच. आंबा, फणस, केळ, शेवग्याच्या कोवळ्या शेंगा, सगळ्यांचा पहिला घास त्यांचा. गावाला उरे ते उष्टे.

प्रणित पुण्याच्या एका संशोधन संस्थेत भीतीचा अभ्यास करत होता. भीती कुठून येते, पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्याशिवाय कशी उतरते, कधीच साप न पाहिलेले पिंजऱ्यातले पिल्लूही सापाच्या आकाराला का दचकते, हा त्याचा विषय. दोन उन्हाळ्यांपूर्वी याच पडवीत, फणसाचे गरे तोंडात टाकत, त्याने आबांना आणि हेमांगीला आपला शोध समजावून सांगितला होता. तेव्हा त्याचा गुडघा हलत नव्हता.

"बिबट्या ओरडतो तेव्हा लाकडावर करवत चालल्यासारखा आवाज येतो, ऐकलाय ना आबा? त्या आवाजाला एक खालचा थर आहे. तो कानाच्या पायरीखालून जातो. ऐकू येत नाही, पण छातीच्या पोकळीत उमटतो. आणि मेंदूच्या तळाशी एक फार जुना पहारेकरी बसलेला असतो, तो त्याला ओळखतो. लाखो वर्षं ज्यांच्या पहारेकऱ्याने तो ओळखला, ती माकडं वेळेवर झाडावर चढली. ज्यांच्या नाही ओळखला, त्यांची हाडं बिबट्याच्या गुहेत राहिली. आज झाडावर दिसतात ती सगळी त्या चढलेल्यांची पोरं. मी तो थर वेगळा काढलाय, फक्त माकडांच्या पहारेकऱ्यापुरता."

"आणि याचीही सवय होणार नाही कशावरून?" हेमांगीने विचारले होते.

"सवय होते ती ऐकू येणाऱ्या गोष्टीची. शिकणारा मेंदू वरच्या माळ्यावर राहतो. हा निरोप तळघरात उतरतो आणि परस्पर पायांना मिळतो. वरच्याला पत्ताच नाही, तर तो शिकणार काय?"

"चढलेल्यांची पोरं आपणही आहोत की."

तो हसला होता. "माणसाचा उंबरठा बराच वर आहे. शिवाय माणूस कारण विचारतो. कारण सापडलं नाही की भीती झटकून टाकतो."

त्या एका वाक्यावर, हेमांगीला पुढे वाटत राहिले, त्याला कुणीतरी तिथल्या तिथे थोबाडीत द्यायला हवी होती.

तो थर सोडणाऱ्या पेट्या त्याने गावात बसवल्या आणि त्यांचे नाव ठेवले 'धाक'. पाणी गाळायच्या यंत्राएवढ्या, राखाडी, माडांना पट्ट्याने आवळलेल्या. पहिल्याच आठवड्यात माकडांचे कळप डोंगर ओलांडून गेले. त्या वर्षी फणस झाडावरच पिकून वासाने वेडे करू लागले, आणि पोरांना पहिल्यांदा कळले की पपई पिवळी होईपर्यंत झाडावर राहू शकते. आबांनी रवळनाथाच्या देवळात प्रणितसाठी गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाणे घालण्याचा मान घाडींच्या घराण्याचा. आबा गावाच्या वतीने देवाशी खड्या आवाजात बोलत, आणि भोवती उभा असलेला गाव प्रत्येक वाक्याला एका तोंडाने म्हणे, "व्हय म्हाराजा!" त्या दिवशी मुलाचे नाव घेताना आबांचा आवाज चिरकला होता.

*

मग गाव उसवू लागले.

उसवू लागले म्हणजे नेमके काय, ते बरेच दिवस कुणाला सांगता येईना. आबा भिंतीला पाठ लावून जेवू लागले. ज्या झऱ्यावर ते जन्मभर एकटे आंघोळीला गेले, तिथे जायचे त्यांनी सोडले, आणि का ते विचारले की चिडू लागले. शेजारच्या जनीकाकीला वाटू लागले, जाऊ आपल्यावर करणी करते. चाळीस वर्षे एका चुलीवर राबलेल्या त्या दोघी एकमेकींच्या हातचे पाणी घेईनाशा झाल्या. मेस्त्री भावांनी अंगणातून भिंत घातली. कुणाला आजाराची शंका, कुणाला भुताची, कुणाला बायकोची. प्रणितचे म्हणणे मुळातच खोटे होते. कारण न सापडलेली भीती माणूस झटकून टाकत नाही. तो तिला कारण शोधून देतो. आणि ते नेहमी जवळच्याच माणसात शोधतो, कारण हाताशी तेवढेच असते.

हेमांगीने आपल्या भीतीला वयाचे नाव दिले. एकटी बाई, चाळिशी उलटलेली, आता असेच व्हायचे. आबांना घेऊन कणकवलीला राहायला जावे म्हणून ती एक फ्लॅटही बघून आली. घरात पाय ठेवला की मानेच्या मागे काहीतरी उभे राहायचे. बाहेरगावी जनावर बघायला गेली की तेच काहीतरी खाली बसायचे. ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही असे नाही. तिने त्याचाही अर्थ लावला: घराचाच कंटाळा आला असणार.

याच दिवसांत प्रकल्पवाले येऊ लागले. गावामागचा सडा, म्हणजे मैलभर पसरलेला उघडा कातळ, त्यांना हवा होता. तिथे ते संगणकांची प्रचंड गोदामे बांधणार होते आणि ती यंत्रे गार ठेवायला कातळाच्या पोटातले पाणी उपसणार होते. जनीकाकीने सड्यावरचा आपला वाटा विकला आणि घराला कुलूप लावून ती मुलाकडे ठाण्याला गेली. धाकट्या मेस्त्रीने विकला. "हयसर बरां वाटणा नाय," प्रत्येकाचे कारण एकच. घरांना कुलपे पडत गेली, आणि उरलेल्यांची भीती त्या कुलपांनी आणखी वाढली.

उलगडा झाला तो एका कुत्र्यामुळे. गणपतीनंतरच्या उन्हात, एका गाईचा ताप बघून परतताना, हेमांगी मेस्त्र्यांच्या माडाखाली थबकली. माडाला धाकाची पेटी होती आणि पेटीच्या बरोबर खाली काळू चारी पाय वर करून झोपला होता. तिच्या स्वतःच्या तळव्यांना घाम फुटला होता. ती त्या झोपलेल्या कुत्र्याकडे बघत राहिली. गावातली एकही गाय आटली नव्हती. एकही कोंबडी अंड्यावरून उठली नव्हती. मांजरे, बकऱ्या, बैल, सगळे ठणठणीत. याची साक्ष तिच्याइतकी दुसरे कोण देणार? या गावातून फक्त दोन जातींचे प्राणी घर सोडून चालले होते. आधी माकडे. मग माणसे.

ती तशीच सड्यावर गेली. तिथे नव्या पेट्या दिसल्या. उघड्या कातळावर, सिमेंटच्या ठोकळ्यांत पक्क्या बसवलेल्या. दृष्टी पोचेल तिथवर एक झाड नाही, एक फळ नाही. आणि माकडांना हुसकावण्याची यंत्रे रांगेने उभी.

तिने तिथूनच प्रणितला फोन लावला.

"सड्यावर काय राखताय तुम्ही? दगड?"

पलीकडे कुठले तरी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"प्रणित, तुला ठाऊक होतं."

"पातळी कुणी वाढवली मला माहीत नाही. धाकाचे हक्क प्रकल्पवाल्यांना विकल्यावर नियंत्रण त्यांच्याकडे गेलं. मी फक्त शोध लावला, ताई."

"फक्त! आबा भिंतीला पाठ लावून जेवतात. तुझे आबा. अंधारातून नदी ओलांडून तुला दवाखान्यात नेणारे. आणि तू म्हणतोस, फक्त?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बोल. आणि हो, तुझा उंबरठा. माणसाचा म्हणे बराच वर असतो. कुणाच्या घराचा मोजला होतास रे?"

घरी येऊन तिने आबांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग हसले, आणि ते हसू तिला जन्मभर पुरणार होते.

"म्हंजे इतके दिवस माका भूत नाय, माजो झील, माजो प्रणित भियवता?"

*

जनसुनावणी सड्यावरच ठेवली होती. कायद्याने ती गावात घ्यावी लागते, आणि सडा गावातच येतो.

ऑक्टोबरचे ऊन कातळावरून उलटून तोंडावर येत होते. मंडप, खुर्च्या, मंचावर अधिकारी, त्यांच्या शेजारी प्रकल्पाचे प्रतिनिधी पेडणेकर: मऊ आवाजाचा, नीटस माणूस, प्रत्येकाला 'काका-काकी' म्हणणारा. निम्मे गाव गेलेले असूनही मंडप भरला होता. मुंबईची माणसे रात्रीच्या गाड्यांनी आली होती. जनीकाकीही आली होती, आणि जावेपासून लांबच्या खुर्चीत बसली होती.

पहिला विरोध नोंदवायला थोरला मेस्त्री उभा राहिला आणि त्याच वेळी ते सुरू झाले.

हेमांगीला आता ते काय आहे ते ठाऊक होते; प्रणित बोलणार होता म्हणून तिने आणि आबांनी गावाला अजून सांगितले नव्हते. ठाऊक असून काही उपयोग नव्हता. मानेवरचे केस उभे राहिले, जीभ कोरडी पडली. मेस्त्री वाक्य अर्धे टाकून मागे बघू लागला. बायांनी पोरे उचलली. खुर्च्या पडल्या. ओळखीचे चेहरे एका क्षणात सोलून निघाले आणि आतला तो जुना, झाडाकडे धावणारा चेहरा वर आला. पण सड्यावर झाड नव्हते. माणसे मंडपाच्या कडांकडे, मोटारींकडे, पायवाटेकडे सांडू लागली. मंचावरचे अधिकारीही घाम पुसत होते. मुख्य अधिकारी फाटक्या आवाजात म्हणाले, "कुणाची हरकत नसेल तर तसं नोंदवून घेऊ." पेडणेकरांचा रंग उतरला होता, पण ते जागचे हलले नाहीत. आपल्याला काय होते आहे हे जाणणारा आणि ते संपायची वाट बघणारा माणूस कसा बसेल, तसे ते बसले होते.

हेमांगी मंडपामागे धावली. पाय उलट दिशेला ओढत होते. आपलेच पाय, आणि त्यांच्याशी कुस्ती. जनित्राच्या गाडीतून एक जाड केबल पेट्यांकडे गेली होती. तिच्या पिशवीत बैलांची खुरे छाटायची पकड होती. तिने दोन्ही मुठींनी ती आवळली. निळी ठिणगी उडाली, हात खांद्यापर्यंत झिणझिणला, आणि छातीतली करवत थांबली.

ती मंडपात परतली तेव्हा पळणारे थबकले होते. भीती ओसरत होती, पण गेली नव्हती. ती ओरडली, "ही भीती तुमची नाही! ह्या पेट्यांची आहे! गेलं वर्षभर तुम्हाला पेट्या भिववतायत!"

जनीकाकीने सावकाश मान वळवून जावेकडे बघितले. वर्षभराचा विटाळ त्या एका नजरेत उलगडला.

तेव्हा आबा उठले. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, तापलेल्या कातळावर अनवाणी उभे राहिले आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजाऽ!"

सवयीने, पिढ्यांच्या सवयीने, विखुरलेल्या माणसांतून आवाज आला. "व्हय म्हाराजा."

"आज ही तुजी लेकरां तुज्या सड्यार उभी आसत, म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" माणसे परत येत होती. खांद्याला खांदा लागत होता.

"ह्या कातळाच्या पोटात तुजां पाणी आसा. त्येका कोण कुलूप घालूक इलो आसात, तर त्येका हयसून मागारी धाड, म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या पोटात ज्यांनी भय घातल्यानी, तां ज्येचां त्येच्याच पदरात घाल, म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

असा आवाज हेमांगीने कधी ऐकला नव्हता. त्यात खालचा थर नव्हता, वरचा नव्हता. तो एकाच धातूचा होता. पेडणेकर उभे राहिले होते. त्यांनी फोन कानाला लावला होता, आणि मंचाच्या पायरीशी उभ्या असलेल्या हेमांगीला त्यांचे शब्द स्वच्छ ऐकू आले: "बंद का झालं? परत चालू कर. वाढव."

कातळाचा एक तुकडा तिच्या हातात होता. तो कधी उचलला, ते तिला आठवत नाही. त्याचा गरम खडबडीतपणा मात्र आठवतो. हात मागे गेला तोही आठवतो. आणि पेडणेकरांच्या डोळ्यावर उमटलेला तो ओला, फार लहानसा आवाज.

त्यानंतर पुष्कळ हात होते. पुष्कळ दगड. पेट्या ठोकळ्यांवरून उपटल्या गेल्या, आपटल्या गेल्या, आणि मग गावातल्या माडांवरच्याही. अधिकाऱ्यांनी विरोध नोंदवला, एकमताचा, गाडीत बसून, काचा वर करून. हेमांगी तोवर पेडणेकरांजवळ गुडघे टेकून बसली होती आणि आपल्या ओढणीची घडी त्यांच्या डोळ्यावर दाबत होती. दुसरा डोळा उघडून त्यांनी तिच्याकडे बघितले आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, "आभारी आहे."

त्यांचा तो डोळा गेला. पोलिसांनी आबांना विचारले, दगड मारायला कुणी सुरुवात केली. आबा म्हणाले, "गाऱ्हाणां मी घातलंय." पुन्हा विचारले, तर पुन्हा तेच.

*

"तुम्ही समजून घ्या," प्रणित आता म्हणत होता. तो त्याच्या हक्काच्या जागेवर, विज्ञानावर, येऊन उभा राहिला होता. "बुलबुल एकटा असला तर घुबडाला बघून उडतो. दहा जमले तर त्याच घुबडावर तुटून पडतात. कळपातली माकडं कोंडीत सापडली की बिबट्याच्या अंगावर जातात. एकट्याची भीती पळते, जमावाची उलटते. ती आतली एकच तार आहे. त्या दिवशी सड्यावर लपायला जागा नव्हती, चढायला झाड नव्हतं, आणि आबांच्या गाऱ्हाण्याने सगळ्यांना एकत्र बांधलं. मग जे झालं ते व्हायचंच होतं. त्यात तुमचा दोष नाही, आबा. तो राग नव्हताच. ती भीतीच होती, तोंड फिरवलेली. यात खोटं काय लिहिलंय?"

"हे की तेवढा एकच दिवस लिहिलाय," हेमांगी म्हणाली. "आकस्मिक बिघाड! आणि मागचं वर्ष? जनीकाकीचा वाटा? धाकट्या मेस्त्रीचा? विकताना त्यांची विवेकशक्ती जागेवर होती, आणि नाही म्हणताना तेवढी लोपली? भीतीने दिलेला होकार चालतो तुमच्या लोकांना, नकार तेवढा यंत्राचा?"

"मागचं वर्ष काढलं तर मीही आत जाईन, ताई."

"आता बोललास खरं."

त्याचा चेहरा पडला. क्षणभर तिला त्यात तापाने फणफणलेले, आबांच्या खांद्यावर मान टाकलेले पोर दिसले, आणि त्यामुळे तर ती आणखी संतापली.

"तू म्हणतोस आमचा राग मुळात भीतीच आहे, म्हणून तो आमचा नाही. गाईच्या सडातलं दूध ठाऊक आहे ना तुला? घामासारख्याच कसल्याशा ग्रंथीतून ते हळूहळू उत्क्रांत झालं, असं मला कॉलेजात शिकवलं. खरंही असेल. मग गाय वासराला घाम पाजते, असं लिहून द्यायचं का रे कोर्टात? कुठून आलं ते सांगितलं, की कुणाचं आहे ते पुसलं जातं?"

"अगं पण त्या क्षणी यंत्र चालू होतं! तुमच्या रक्तात—"

"यंत्र बंद होतं."

प्रणितचा गुडघा थांबला.

"केबल मी कापली. गाऱ्हाण्याच्या आधी. आबांनी हात जोडले तेव्हा सड्यावर कसलाही बिबट्या नव्हता."

आबांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हते. त्यांना केबल ठाऊक नव्हती, पण दगड ठाऊक होता. मंचाच्या पायरीकडेच तोंड करून ते उभे होते. जो दगड झाकायला ते इतके दिवस एकच वाक्य धरून बसले होते, तो लेक आता आपणच उघडा करायला निघाली होती.

"हेमा," ते म्हणाले. "गप ऱ्हव."

"हे कुणाला बोलू नकोस," प्रणित घाईने म्हणाला. त्याने पाने फोल्डरमध्ये सरळ केली, जणू तीच आता सांडतील. "आणि यंत्र बंद होतं म्हणून काही फरक पडत नाही. भीतीने रक्तात जे उतरतं ते लगेच निघून जात नाही, बराच वेळ राहतं. हात थरथरतात, छाती धडधडते, आणि मेंदू त्या धडधडीला मिळेल ते नाव देतो. त्याला तू राग म्हणालीस. तुला आत बसून कसं कळणार? कुणालाच कळत नाही. तू डॉक्टर आहेस, ताई, तुला हे मान्य करावंच लागेल."

तिला ते मान्य होते, आणि हेच सर्वांत असह्य होते. रात्रंदिवस तिने तो क्षण उलटून पालटून पाहिला होता आणि कातळाच्या त्या तुकड्यावर तिला कुठेही नाव सापडले नव्हते: बिबट्याचे नाही, पेटीचे नाही, रवळनाथाचे नाही. रिकामी जागा तेवढी होती, त्या पानावर सहीसाठी सोडलेली असते तशी. तिथे यंत्राचे नाव लिहिले तर आबा सुटत होते आणि गावाचा नकार पुसला जात होता. काहीच लिहिले नाही तर नकार उरत होता आणि आबा आत जात होते.

परसात माकडांनी माडाचा झाप ओरबाडून खाली टाकला. आबांनी त्या आवाजाकडे नाही, लेकीकडे बघितले, आणि त्यांच्या म्हाताऱ्या हाताने हवेत एक लहानशी, विनवणीची हालचाल केली. थांब, अशी. तिने ती पाहिली.

ती आत गेली. ओटीवरून तिने आपली पिशवी उचलली. खुरे छाटायची पकड तिच्यात होती. एका पात्याला अजून निळसर काळा डाग होता. तिने ओढणी घेतली, तीच, धुऊनही डाग न गेलेली. मग पडवीत येऊन, प्रणितच्या मांडीवरच्या पानांकडे न बघता, वहाणा पायांत सरकवल्या.

"कुठे चाललीस?" प्रणित उठला. ओढणीवरचा डाग पाहून दगड कुणाचा होता ते त्याला उमगले. "ताई, पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगणार आहेस? वेडी आहेस का? त्या माणसाचा डोळा गेलाय. आबांना महिने होतील, तुला वर्षं होतील. कशासाठी? एक गोष्ट सांग मला, फक्त एक. छातीवर हात ठेवून सांग. तो दगड मारलास, तेव्हा तो राग तुझाच होता, याची तुला खात्री आहे?"

हेमांगी पायऱ्या उतरली. वाटेतल्या दगडी गडग्यावर बसलेला मोठा हुप्प्या तिच्या वाटेतून हलला नाही; तीच त्याला वळसा घालून गेली, आणि तालुक्याकडे जाणाऱ्या तांबड्या रस्त्याला लागली.